पहिल्या ओळीतली सही

— नाही हो, त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय लुळा आहे. नको असलेला पाहुणा आला की मी त्यालाच तिथे बसवते. तुम्ही ह्या चाकाच्या खुर्चीत बसा. बसा हो, लाजताय काय! खुर्चीत बसल्याने कुणी आजारी पडत नाही. थांबा, ब्रेक लावू दे, नाहीतर बोलता बोलता दारापर्यंत जाल — मागे एक बँकेचे अधिकारी असेच गेले होते, हातात पाण्याचा पेला, तोंडाने ‘कार्य फार मोठं आहे तुमचं’, आणि खुर्ची आपली मागे मागे चाललेली. हं, आता बोला. महासंघाकडून आलात, एवढं कळलं मला. राज्यातल्या सगळ्या सेवाभावी संस्थांची पाहणी. सगळ्या म्हणजे? एकूण एक? बाई गं! मग चपला किती झिजल्या असतील तुमच्या. पाणी घ्या आधी.

हे मागच्या पाहणीचं पुस्तक का? काय गुळगुळीत कागद आहे हो! द्या बघू — चष्मा कुठे ठेवला — हा काय, गळ्यातच आहे. हं. हा बारा मजली दवाखाना? हासुद्धा सेवाभावी? आणि हे कॉलेज, त्याच्या फाटकातून आत जायला आमच्या शेजारणीच्या मुलाला तीन वर्षं लागली, तेही? बरं बरं, कायद्याने असेल. मग अंधशाळा, भटक्या कुत्र्यांचं घर, नाटकवाली मंडळी, पूर आला की होड्या घेऊन धावणारे — आणि हे काय, ‘ज्येष्ठांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारं मंडळ, सभासद सहा’! सहाच? आणि ते बारा मजली आणि हे सहा जण एकाच पुस्तकात! मजाच आहे. आणि हा आकडा बघा, राज्यात दर अकरा पगारांतला एक पगार अशा संस्थेतून निघतो. खरं हे? मला वाटायचं, पैसा मिळवतात ते कारखानेवाले, बाजारवाले, आणि आपण म्हणजे मागे उरलेलं आवरणारी माणसं. आणि बिनपगारी करणाऱ्यांचं काय? — हो? त्यांचेही तास धरता? तासाला किंमत लावता? म्हणजे मी इथे बसते त्यालाही? अहो, मग लिहा की. रोजचे सहा तास, एकोणीस वर्षं, रविवारसुद्धा, कारण माणसं रविवार बघून पडत नाहीत. करा गुणाकार. मला तो पैसा नको हो, पण आकडा एकदा बघायला आवडेल.

नाही का? आकडे आधीच भरलेत? कुणी? — मुख्य कार्यालयाने. म्हणजे वन्संनी. बरोबर, तेही बरोबरच. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, ह्यांची सख्खी बहीण. बाहेर सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मुख्याध्यापिका होत्या ना शाळेत, अजून बोलताना खडू हातात असल्यासारखा हात धरतात. संस्थेच्या अध्यक्षा त्या. मी इथे भांडार बघते. पलंग, खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या, ऑक्सिजनची मशिनं. आजारपणात लागतात आणि मग घरात अडगळ होतात, ती सगळी जिन्नस. न्यायची, वापरायची, पुसून परत आणायची. एक पैसा घेत नाही आम्ही. तर तुम्हाला माझी फक्त सही हवी, केंद्रप्रमुख म्हणून, की भरलंय ते बरोबर आहे. आणि ती मिळाली की महासंघाकडून वीस पलंग. वीस! काय सांगता, नवेकोरे? त्या भिंतीवरचा कागद बघितलात? अकरा नावं आहेत पलंगासाठी थांबलेली. ते तिसरं नाव आहे ना, ते घरात दाराची फळी काढून विटांवर ठेवून झोपलेत. द्या इकडे फॉर्म, आत्ता करते सही.

वाचून करू ना? वन्सं नेहमी म्हणतात, वाचायला कशाला वेळ घालवतेस, मी बघितलंय. आणि मी आजवर वाचलंही नाही. पण तुमचं पुस्तक बघितल्यापासून मला जरा हौस आलीय. एवढ्या मोठ्या पुस्तकात आपलं नाव छापून येणार म्हटल्यावर बघायला नको कसं छापतायत ते? ‘स्वयंसेवकांची नावे.’ हं. एक — ही वन्संची सून. ही दोनदा आली होती इथे, एकदा फोटोला आणि एकदा राहिलेला गॉगल न्यायला. असू दे, तरुण पोर आहे, येईल हळूहळू. दोन — हे त्यांच्या सोसायटीतले निवृत्त काका, बरे आहेत बिचारे, भाषण ऐकायला येतात. तीन, चार — ह्या त्यांच्या शाळेतल्या बाई. पाच. सहा. ही कोण? मला नाही माहीत. सात — हा तर परदेशात असतो! दहा, अकरा… चौदा.

पुढचं पान कुठाय? नाही, ह्यात पंधरावं नाव असेल ना. चौदाच? मग मी राहिले वाटतं. घाईत राहिले असेल, मॅडमना हजार कामं. तुम्हीच लिहा ना वर कोपऱ्यात, नाव मी सांगते — का? रकाना बंद झालाय म्हणजे? बरं, मग मला पगारी लोकांत घातलं असेल. बघू. पगारी दोन, हिशेबनीस आणि टायपिस्ट. तिथेही नाही. अहो, मग मी आहे कुठे? भांडार काय भुतं चालवतात का?

एक मिनिट हं, फोन वाजतोय. — हॅलो. हो, हो, मीच. चार वाजता ये ना, ठेवलाय तुझ्यासाठी. हो, पलंग आहे, डोक्याकडून वर उचलता येतो. हातगाडीवाला आणलास तर बरं, नाहीतर मी सांगते एकाला. वडिलांना ताप आहे का अजून? बरं. ये तू. — शिंपीणबाई आहेत, ह्या मागच्या गल्लीतल्या. वडील घसरून पडले, खुबा गेला. यादीत पहिलं नाव तिचंच, तिला मी थोरला देणारेय. थोरला म्हणजे पलंग क्रमांक एक. आम्ही नावं ठेवलीयेत पलंगांना, नंबर कुणाच्या लक्षात राहतात? थोरला, धाकटा, कुरकुऱ्या, एक आहे त्याला मामा म्हणतो कारण कुठेही नेला तरी आडवाच येतो. थोरला परवाच परत आला. आतल्या खोलीत आहे, कुलपात, पुसून ठेवलाय.

थोरला माझा आहे, साहेब. म्हणजे माझ्या घरातला. ह्यांना अर्धांग झालं तेव्हा घेतलेला. चौदा महिने हे त्यावर होते. मी तेव्हा मालवाहतुकीच्या ऑफिसात टायपिंग करायची, माझ्या फंडातून घेतला मी. वन्संनी तेव्हा सल्ला दिला होता की साध्या खाटेवर भागव. भागवलं नाही मी. दांडा फिरवला की पाठ वर यायची आणि ह्यांना खिडकीतून रस्ता दिसायचा. आणि मग — मग हे गेले. आणि तो पलंग तसाच बाहेरच्या खोलीत. मी त्याच्याशेजारी खाली जमिनीवर झोपायची, वर झोपायचं धाडस नाही झालं मला कधी. दोन महिन्यांनी समोरचा सुतार आला, म्हणाला वहिनी, आईला आणलंय दवाखान्यातून, काही दिवस तो पलंग… मी म्हटलं ने. एका दमात म्हटलं, नाहीतर म्हटलं नसतं. तो गेला, परत आला, मग दुसरा कुणी आला. मग कुणी आपली कुबडी आणून टाकली, म्हणे आता लागत नाही, तुमच्याकडे असू दे. सहा महिन्यांत माझ्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा वन्सं आल्या, बघितलं त्यांनी, आणि म्हणाल्या, ह्याची संस्था करू या. मला काय ठाऊक संस्था म्हणजे काय! त्यांना ठाऊक होतं. अर्ज, घटना, शिक्का, सगळं त्यांनी केलं. मी नाही म्हणत नाही. त्या नसत्या तर मी अजून त्या कुबड्यांत अडकून पडले असते.

हं, उरलंय ते बघू या. ‘एकूण लाभार्थी, एकोणीस वर्षांत’ — अठ्ठावीस हजार चारशे. हसू नका, साहेब. हसलात तुम्ही, मी पाहिलं. खोटं नाहीये ते… म्हणजे खोटं नाही आणि… तुम्ही ते पेन खाली ठेवता का जरा? ठेवा. पहिल्या वर्षी आमच्याकडून एकेचाळीस वस्तू गेल्या. देणगी देणाऱ्या कंपनीला निदान दीडशे माणसं हवी होती. वन्सं रडायच्या बेतात, इथे, ह्याच टेबलापाशी. तेव्हा मी म्हटलं, एक पलंग गेला की घरातल्या चौघांची सोय होते ना? उचलणाऱ्याची पाठ वाचते, रात्री जागणारीला झोप लागते. मग चौघं मोजा. एकेचाळीस चोक एकशे चौसष्ट! वन्सं म्हणाल्या, अगं, हे बरं नाही दिसत. मी म्हटलं, दिसायचं काय त्यात, खरंच आहे की. आणि मग ती सवयच लागली. पुढे मी नियमच केला, जो दारातून आत आला तो लाभार्थी. पंखा दुरुस्त करायला वायरमन आला, मी त्याला पाणी दिलं, घातला वहीत. पोस्टमन घातला. चुकून पत्ता विचारायला एक बाई आल्या होत्या, त्यांनाही घातलं, पत्ता सांगितला ना मी! वन्सं हसायच्या. म्हणायच्या, तू म्हणजे भिंतीलाही मोजशील. माझीच अक्कल ती सगळी, त्यांची नाही. हे काही लिहायचं नाही हं. आता एवढं सांगून बसले, पण लिहायचं नाही.

आणि हे शेवटचं पान काय? ‘यशोगाथा.’ ही आवश्यक असते का? हिच्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही? बरं बरं. फोटो आहे — अगंबाई, हा तर माझाच फोटो! हा कधी काढला? वॉकर पुसतेय मी. बघा, म्हटलं नव्हतं, वन्सं मला विसरतील कशा? मला वेगळं पान दिलंय! आख्खं पान! मी उगीच तुमच्यासमोर तोंड पाडून बसले. वाचते हं, ऐका. ‘पतीच्या निधनानंतर निराधार झालेल्या’ — निराधार? ‘निराधार झालेल्या या भगिनीस संस्थेने सर्वप्रथम पलंग उपलब्ध करून दिला.’ पलंग… कुणी कुणाला? ‘संस्थेच्या पहिल्या लाभार्थी. खचलेल्या अवस्थेत त्या संस्थेकडे आल्या. संस्थेने त्यांचे पुनर्वसन केले. आज त्या आमच्या साहित्य केंद्रात मदतनीस म्हणून रमतात.’

रमतात.

नाही, थांबा, तुम्ही उठू नका. पाणी नको मला, मीच देते ना इथे पाणी सगळ्यांना. मला एवढंच सांगा, हे पान असंच छापणार? पुस्तकात, ह्या गुळगुळीत कागदावर? आणि म्हणून मी स्वयंसेवकांत नाही. एक माणूस एकाच रकान्यात. नियम आहे तो, कळलं. चौदा स्वयंसेवक मिळतात हो, परदेशातले पण मिळतात, यशोगाथा मिळत नाही. बरोबर आहे त्यांचं. हिशेब अगदी बरोबर आहे. पण त्या पुस्तकात माझे तास शून्य, साहेब. एकोणीस वर्षं शून्य. वर मी त्यांचा खर्च! पुनर्वसन केलं म्हणजे खर्चच झाला ना माझ्यावर? परक्या माणसाने केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण ह्यांच्या पाठच्या बहिणीने… नाही, पाठची नव्हे, थोरली. थोरलीने केसाने गळा कापला हो माझा.

पुरावा? पुरावा कशाचा? — ‘नोंदवही क्रमांक एक, पान एक, ओळ एक.’ असं लिहिलंय खाली? बघू. ती वही इथेच आहे, ह्या कपाटात, वरच्या कप्प्यात. जपून ठेवलीय मी प्लास्टिकमध्ये घालून, पहिली वही म्हणून. ही बघा. पान एक. वस्तू: पलंग. नेणाऱ्याचं नाव: मी. सही: माझी. हो, माझीच आहे. ही गंमत ऐका, आता गंमतच म्हणायची. उद्घाटनाचा दिवस. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आलेला, हार घातलेला टेबलाला, आणि वही कोरी. पलंग न्यायला त्या दिवशी नेमकं कुणी आलं नाही. वन्सं म्हणाल्या, अगं, रिकामी वही फोटोत बरी दिसत नाही, तू कर सही पहिल्या ओळीत. मी म्हटलं, मी कशाला, मी तर देणारी. त्या म्हणाल्या, कोण वाचतंय! आणि मी केली. हसत हसत केली, साहेब, तो फोटो आहे ना वन्संच्या दिवाणखान्यात, मी सही करताना हसतेय आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर. तो हात मला किती दिवस ऊब देत होता, काय सांगू तुम्हाला. ह्यांच्यानंतर माझ्या खांद्यावर हात ठेवणाऱ्या त्याच होत्या.

परत फोन. त्यांचाच आहे. बसा, बसून ऐका तुम्ही. — हॅलो. हो वन्सं. हो, आलेत, समोरच बसलेत. हो, पाणी दिलं. करते, सही करते. नाही हो, वाचलं. — वाचलं म्हटलं. सगळं. — हं. हं. हो, कळतंय, परक्या कुणाची लाज चव्हाट्यावर मांडण्यापेक्षा घरचीच बरी. नाही, राग कसला? वन्सं, एक विचारू? थोरला कुणी घेतला होता हो? — नाही, सहज. — हो, त्याने काय फरक पडतो. हो, हेतू चांगलाच आहे. वीस पलंग, हो. हो वन्सं. तुम्ही औषध घेतलंत का दुपारचं? घ्या बरं. ठेवते.

बघितलंत? एकोणीस वर्षं ‘हो वन्सं’ची सवय. वर औषधाची चौकशी केली! आणि त्या काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तुला वाईट वाटणार नाही असं धरूनच चालले मी. धरून चालल्या. मी म्हणजे पायाखालची फरशी, धरूनच चालायची. आणि खरं सांगू, साहेब? त्यांना मी हे शिकवलं. मीच म्हटलं होतं ना, दारातून आला तो लाभार्थी? मी पोस्टमनला मोजलं, वायरमनला मोजलं, तेव्हा त्यांना नाही विचारलं कधी, बाबा, तुला वहीत घालू का. त्या वायरमनने तर पंखा फुकट दुरुस्त करून दिला होता! तो आम्हाला देऊन गेला आणि आम्ही त्याला घेणारा लिहून ठेवला. मला तेव्हा हसू आलं होतं. आज कळतंय, त्याला कसं वाटलं असतं ते. पण तो परका होता हो. मी घरची होते. निदान मला तसं वाटत होतं.

तुम्ही काय म्हणता? दुरुस्ती करता येते? हरकतीचा कागद भरायचा, मग चौकशी, मग तुमचे साहेब, मग… आणि वीस पलंग? ते पुढच्या पाहणीत. म्हणजे पाच वर्षांनी. वा! म्हणजे मी म्हणायचं, मी लाभार्थी नाही, आणि त्या फळीवर झोपलेल्या माणसाला सांगायचं, बाबा, पाच वर्षं थांब, मला माझा मान राखायचाय. काय बोलू मी? तुम्हीच सांगा. नका सांगू, तुम्हाला काय, तुम्हाला आणखी चार ठिकाणी जायचंय.

द्या इकडे पेन. कुठे करायची? इथे? ही घ्या. ‘वरील माहिती सत्य आहे.’ केली. झाले वीस पलंग. आता मला एक काम करू द्या, तुम्ही साक्षीला आहातच. ही वही बघा परत, पान एक, ओळ एक. हा शेवटचा रकाना काय आहे? ‘परत.’ आणि तो कोरा आहे. ह्याच्या पुढच्या ओळींत थोरला बासष्ट घरांत गेला आणि आला, सगळ्यांच्या ‘परत’मध्ये माझ्या अक्षरात तारीख आहे, पण माझ्या ओळीत नाही. कशी असेल? नेलाच नव्हता तर परत कशाला लिहीन? पण आता तुमच्या कागदाप्रमाणे नेलाय मी. एकोणीस वर्षं थकवलाय. इथे कुणी दोन दिवस उशीर केला तर मी लोकांच्या घरी जाऊन उभी राहते! तेव्हा हे घ्या, लिहिते. परत, आजची तारीख. स्थिती: चांगली. दांडा घट्ट, मागचं एक चाक नवीन. सही. झालं. लाभ संपला माझा.

आता तुमचं ते पाकीट उघडा. फॉर्म घातलात ना, त्यातच ही पण घाला. किल्ली आहे, आतल्या खोलीची. अहो, घाला. लाभार्थ्याकडे भांडाराची किल्ली असते का हो कुठे? तुम्ही राज्यभर हिंडलात, कुठे पाहिलीत? शिक्क्याला मुख्य कार्यालयात जाल तेव्हा द्या मॅडमना, म्हणावं, मदतनीस बाईंनी रमणं थांबवलं. चिकटवा. डिंक आहे तिथे. नीट चिकटवा, कोपरा उघडा राहिलाय. हं. आणि जाताना ह्या चालू वहीत तुमचीही सही करून जा. का म्हणजे? दारातून आत आलात, खुर्चीत बसलात, पाणी प्यालात. अठ्ठावीस हजार चारशे एक. करा हो, कोण वाचतंय!

उठा आता. ब्रेक काढते, सांभाळून. मीही निघते. पिशवी कुठे माझी — एकोणीस वर्षांत इथे माझं म्हणून काय आहे बघा, एक पिशवी, एक पेला आणि डब्याचं झाकण, डबा कुठे गेला देव जाणे. दिवा घालवा तुमच्या डोक्यावरचा.

कोण आहे? — अगं, तू! चार वाजले का? आत ये, अशी दारात नको उभी राहूस. हातगाडी आणलीस? शाबास. वडील कसे… रात्रभर? पाठीला? जखम झालीय म्हणजे काय, केवढी, रुपयाएवढी? मग नुसता पलंग देऊन नाही चालणार, हवेची गादी पण ने. ती फुगवायची कशी ते मी दाखवते, आणि दर दोन तासांनी कूस बदलायची, दोन म्हणजे दोनच, घड्याळ लावून. रडू नकोस. बस, त्या स्टुलावर नको, इथे बस. थोरला आतल्या खोलीत आहे, आत्ता काढते तुला —

साहेब.

साहेब, ते पाकीट फाडा जरा. हो, फाडा, दुसरं देते मी. बघू नका असं माझ्याकडे, फाडा. तिच्या वडिलांच्या पाठीला जखम झालीय. — द्या. हं. ही किल्ली जरा तिरकी लावावी लागते, दुसऱ्या कुणाला उघडतही नाही हे कुलूप. उघडलं. तू तोवर ही वही घे, इथे खाली, साहेबांच्या सहीच्या खाली नाव लिही वडिलांचं, आणि शेजारी तुझी सही. पत्ता पण. वाचून कर हो, बाई, जे लिहिलंय ते आधी वाच आणि मग कर. आणि हा शेवटचा रकाना रिकामा ठेव, तो तू आणून देशील तेव्हा मी भरेन.

काय गं? काय विचारलंस? — नाव घालायचंय, ‘कोणाच्या हस्ते दिले’ त्याच्यापुढे. हो, तसा रकाना आहे खरा. माझं नाव माहीत आहे तुला. पुढे काय लिहू म्हणतेस? म्हणजे — मी कोण इथली?

मी…

साहेब, तुम्ही निघा आता.